ट्रेड लायसन आणि सीएची सही : निवेदनात नेमकं काय मागायचं?

गणपतगल्लीकर
बेळगाव मनपाला द्यायच्या निवेदनाचा मसुदा चाललाय, म्हणून हा धागा. "व्यापाऱ्यांचा जाच थांबवा" असं मोघम लिहिलं की आवकचा शिक्का बसतो आणि कागद गठ्ठ्यात जातो. त्यामुळं कुठला नियम, तो कुणाच्या हातात आणि त्याजागी काय हवं, एवढंच सांगा.

माझं मत आधी मांडतो. ट्रेड लायसनची मुदत ३१ मार्चला संपते. दुकान तेच, माल तोच, मालक तोच, तरी पुन्हा रिन्युअल. कापड, भांडी, स्टेशनरी, चप्पल या धंद्यांना एकदाच नोंदणी पुरे. भट्टी, रसायन, फटाके, मटण, गॅस यांची तपासणी मात्र दरवर्षी व्हावी, तिथं सूट नको. दुसरा मुद्दा सीएच्या सहीचा. तीस लाखांची उलाढाल असलेल्याकडंही "सीए सर्टिफाइड" ताळेबंद मागतात. कायद्यात नसलेली सही मागू नये, हे कुणाकडून तरी लेखी यायला हवं.

शाई_शिक्का
मुद्दे बरोबर, पण पत्ता चुकतोय. मनपाच्या हातात फक्त ट्रेड लायसन आहे, तेही कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६ च्या ३५३व्या कलमाखाली. शॉप अ‍ॅक्टची नोंदणी (१९६१ चा कायदा) कामगार खात्याची आणि पाच वर्षांची. प्रोफेशन टॅक्स वाणिज्य कर खात्याचा. सीएची सही आयकर खातं, बँक किंवा कंपनी कायद्याची बाब. सगळं एका निवेदनात कोंबलं तर मनपा "आमच्या अखत्यारीत नाही" म्हणून पूर्ण कागदच परत करणार. तीन वेगळे कागद करा.

निपाणी, गोकाकच्या नगरसभा १९६४ च्या वेगळ्या कायद्याखाली येतात. खानापूर नगर पंचायत. हिंडलगा, कंग्राळीला ग्रामपंचायत.

कॅम्पवाला
आणि कॅम्पात कँटोन्मेंट बोर्ड. एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन कायदे.

वडगावकर
तीन कागद म्हणजे तीन झेरॉक्सवाले खूश.

मलप्रभा
गणपतगल्लीकर, रिन्युअलची फी आणि वेळ हा त्रास असेलही, पण अर्ज अडतो तो मालमत्तेच्या कागदावर. लायसन धंद्याला द्यायचं आणि तपासायची जागा, ही खरी गोम आहे. अर्ज कुठं अडकतो ते लिहिते, मसुद्यात उपयोग होईल.

१. घरपट्टीच्या पावतीवर पीआयडी (मालमत्तेचा ओळख) क्रमांक असतो. भाडेकरारात मात्र जुना सिटी सर्व्हे नंबर, कधी नुसता "घर नं. अमुक, तमुक गल्ली". दोन्ही जुळले नाहीत की अर्ज परत. करार करतानाच पीआयडी आणि सि.स.नं. दोन्ही घालून घ्यावेत, बाँड रायटर आपणहून घालत नाही.

२. घरपट्टी अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर. संमतिपत्र देणारा मुलगा कागदोपत्री मालकच नाही. वारसा नोंद होईपर्यंत भाडेकरू लटकलेला.

३. मालकाची घरपट्टी थकली म्हणून भाडेकरूचा अर्ज थांबतो. वसुलीचं हत्यार म्हणून पालिकेला हे सोयीचं आहे, पण थकबाकी एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला.

४. अकरा महिन्यांचा करार. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार रजिस्टर करावा लागतो, म्हणून सगळे अकरा महिन्यांवर थांबतात. तो करार ऑगस्टच्या पहिल्या तारखेला केला तर जून अखेरीपर्यंत चालतो, आणि मधल्या काळात मार्चचं रिन्युअल पार पडतं. पण एप्रिलमध्ये किंवा मेमध्ये केलेला पुढच्या रिन्युअलच्या तोंडावर संपतो, आणि "करार चालू नाही" असा शेरा येतो. करार एप्रिल-मे सोडून कधी करायचा याचा विचारच कुणी करत नाही.

५. बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी नसलेल्या लेआउटमधली दुकानं. खात्याचा (मालमत्तेच्या नोंदीचा) घोळ मिटेपर्यंत तिथं लायसनचं नावही काढता येत नाही. दुकान चालू असतं ते असतंच, फक्त बिगरलायसन.

पिठाची गिरणी, पापड मशीन, वेल्डिंग असेल तर आणखी एक: अर्जात लिहिलेली अश्वशक्ती आणि हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) मंजुरीतली अश्वशक्ती एकच हवी. पाचची मंजुरी आणि साडेसातची मोटर असली की तपासणीत दिसतंच.

गणपतगल्लीकर
मलप्रभाताई, चौथा मुद्दा नीट कळला नाही. एप्रिल-मे सोडून का?

मलप्रभा
अकरा महिने मोजा. एप्रिलच्या पहिल्या तारखेचा करार फेब्रुवारीअखेर संपतो, मेचा मार्चअखेर. म्हणजे ऐन रिन्युअलला हातात मेलेला करार. जूनपासून मार्चपर्यंतचा कुठलाही चालतो. नाहीतर सरळ तीन किंवा पाच वर्षांचा करून सब-रजिस्ट्रारकडं नोंदवा. मुद्रांक जास्त लागतो, पण दरवर्षीची कटकट मिटते.

शाई_शिक्का
एक भर घालतो. अर्ज ऑनलाइन भरा किंवा खिडकीवर द्या, सकालची (राज्याच्या सेवा हमी योजनेची) पोच मागून घ्या. २०११ च्या सेवा हमी कायद्याखाली पंधरा अंकी जीएससी क्रमांक मिळतो. मुदतीत निर्णय नाही झाला तर अपील करता येतं, आणि दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मिळते. रक्कम चहापाण्याची, पण ती जबाबदार अधिकाऱ्याच्या पगारातून जाते, म्हणून क्रमांक असलेली फाइल हलते. "तोंडी सांगितलंय, उद्या या" या उत्तराला क्रमांक नसतो.

खडूस_हिशेबनीस
सगळे मिळून लायसन रद्द करायलाच निघालेत असं दिसतं. ट्रेड लायसन हा कर नाही. शेजाऱ्याला धूर, आवाज, आग, सांडपाणी यांचा त्रास होऊ नये म्हणून ते आहे. रविवार पेठेत दोन भिंतींमध्ये हात घालायला जागा नाही, वरच्या मजल्यावर माणसं राहतात आणि खाली थिनरचे डबे. एकदाच नोंदणी केली तर आज चपलेचं दुकान असलेला उद्या तिथंच सोल्युशनचा साठा करणार. कोण बघणार?

गणपतगल्लीकर
धंदा बदलला की नवी नोंदणी, ही अट ठेवूच की. आज दरवर्षी लायसन निघतं म्हणून दरवर्षी कुणी येऊन थिनरचे डबे मोजतं का?

उद्यमबागी
खडूसराव, राज्यानं २०२० साली उद्योग सुविधा कायदा बदलून कारखान्यांना प्रतिज्ञापत्रावर काम सुरू करायची सोय दिली. एक खिडकी समितीनं प्रकल्प मंजूर केला की बाकीच्या परवानग्या घ्यायला तीन वर्षं मिळतात. फौंड्रीला जे चालतं ते चपलेच्या दुकानाला का नको? निवेदनात हाच दाखला द्या. नवं काही मागत नाही, राज्यानं मोठ्यांना दिलेलं लहानांना द्या म्हणतोय.

वडगावकर
उद्यमबागी, हे एक नंबर सांगितलासा बघा.

खडूस_हिशेबनीस
दाखला चांगला आहे, मान्य. पण त्यात प्रतिज्ञापत्र खोटं निघालं तर कारवाईची तरतूद आहे. ती ओळ निवेदनात विसरू नका, नाहीतर फक्त सवलत मागितल्यासारखं दिसेल.

अजून_एक_अर्जदार
नवं दुकान टाकायचंय, स्टेशनरी आणि झेरॉक्स. उद्यम नोंदणी आहे. तेवढी पुरत नाही काय?

शाई_शिक्का
नाही. उद्यम म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग असल्याची ओळख, बँकेला आणि सरकारी योजनांना लागते. दुकान उघडायची परवानगी नव्हे. आणि ती सरकारी पोर्टलवर फुकट होते. हजार-दीड हजार घेणाऱ्या साइट खासगी असतात, नाव तेवढं सरकारी वाटेल असं ठेवतात.

जमाखर्च
अर्जदार भाऊ, तुमच्या बाबतीत एक खाच आहे. जीएसटीची ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्याला. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म भरून देणं या सेवा धरल्या जातात, आणि सेवा आली की मर्यादा २० लाखांवर येते. स्टेशनरी आणि झेरॉक्स दोन्ही मिळून २० ओलांडली की नोंदणी.

जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या रकमा बघून वाणिज्य कर खात्यानं छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या, बेंगळूरला "ओन्ली कॅश"च्या पाट्या लागल्या, तेव्हा हाच घोळ झाला होता. फक्त भाजी, दूध असा करमुक्त माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही असो, नोंदणी लागत नाही. पण त्याच दुकानात बिस्किटं, साबण ठेवले की करमुक्त आणि करपात्र दोन्हींची बेरीज बघतात. भाजी ३९ लाखांची आणि बिस्किटं २ लाखांची, म्हणजे ४१ लाख, म्हणजे नोंदणी. बिस्किटं नसती तर काहीच नव्हतं.

चंदगडी
तुमच्याकडचे दुकानदार आमच्याकडं शिनोळीपर्यंत माल पोचवतात. त्याला ४० लाख लागू का?

जमाखर्च
सीमाभागात सगळ्यात जास्त चुकतं ते इथंच. दुसऱ्या राज्यात करपात्र माल पुरवला की पहिल्या रुपयापासून नोंदणी, ४० लाखांची सवलत नाही. सेवेला मात्र २० लाखांपर्यंत सूट आहे. म्हणजे बेळगावहून शिनोळीला जाऊन पंप दुरुस्त करून आलात तर चालतं, पंप नेऊन विकलात तर नोंदणी हवी.

कंपोझिशनवाल्यांनी (लहान व्यापाऱ्यांची ठोक दराची जीएसटी योजना घेतलेल्यांनी) तर हे कोरून ठेवावं. एक टक्का भरून मोकळं होता येतं, पण राज्याबाहेर माल विकता येत नाही. चंदगडच्या गिऱ्हाइकाला टेम्पोनं कपाट पोचवलं की योजना हातची जाऊ शकते.

नियमित नोंदणीवाल्यांसाठी १ ऑक्टोबर २०२३ पासून आणखी एक बदल आहे. गिऱ्हाईक बिगरनोंदणीचं असेल आणि बिलावर त्याचा पत्ता लिहिला असेल, तर तो पत्ता ज्या राज्याचा त्या राज्यात पुरवठा झाला असं धरतात. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी तो पत्ता समजतात. पत्ता नसेल तर दुकानाचं राज्य. म्हणजे गणपत गल्लीत काउंटरवर उभ्या गिऱ्हाइकाच्या बिलावर "ता. चंदगड, महाराष्ट्र" टाकलं की आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीचा कर. सॉफ्टवेअरमध्ये २९ च्या (कर्नाटकाचा कोड) जागी २७ (महाराष्ट्राचा) निवडायचं राहून गेलं की राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी भरला जातो, मग आयजीएसटी पुन्हा भरा आणि आधीचा परत मागा.

उद्यमबागी
उद्योगवाल्यांसाठी जोड. उद्यमबागला युनिट आणि शिनोळी एमआयडीसीत दुसरं असेल तर २९ आणि २७ असे दोन जीएसटी क्रमांक. मालक एक असला तरी कायद्याला ते दोन वेगळे इसम, एकमेकांकडं माल पाठवला तरी कराचं बिल लागतं. जॉब वर्कला पाठवलेल्या कास्टिंगला डिलिव्हरी चलन चालतं, पण राज्याबाहेरच्या जॉब वर्करकडं जाताना ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) रकमेवर अवलंबून नाही. पन्नास हजारांच्या आतलं आहे म्हणून गाडी बिनबिलाची सोडली की अडकली. कच्चा माल एका वर्षात, यंत्र तीन वर्षांत परत यायला हवं, नाहीतर ज्या दिवशी पाठवलं त्या दिवशीच विकलं असं धरून व्याजासकट कर. डाय, जिग, फिक्स्चर यांना ही मुदत नाही.

कॅम्पवाला
धागा लायसनचा होता बहुतेक.

वडगावकर
लायसनवरच येतो. बोर्ड घ्या. वरच्या बाजूला साठ टक्के कन्नड. नोंदणी असली तर जीएसटी नंबर बोर्डावर. कंपोझिशन असली तर "कंपोझिशन टॅक्सेबल पर्सन" हेही लिवायचं. दुकानाचं नाव कुठं लिवू ओ, पायरीवर?

मलप्रभा
:-) साठ टक्क्यांची तरतूद २०२४ च्या दुरुस्तीतली आहे, फलकाच्या वरच्या भागात. उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी लिहायला कायद्यानं आडकाठी नाही, हे मात्र पेंटरला माहीत नसतं. तो मोकळी जागा सोडतो किंवा इंग्रजी टाकतो.

अर्जाच्या भाषेचा मुद्दा निवेदनात यावाच. अर्ज कन्नड आणि इंग्रजीत. म्हाताऱ्या दुकानदारानं कुठं सही केली ते त्यालाच कळत नाही, आणि एजंटाचं दुकान त्यावरच चालतं. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या नियमांची, सूचनांची त्यांच्या भाषेत प्रत द्यायची, हे अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या मान्य योजनेत आहे. अर्ज मराठीत नको म्हणतील तर निदान सूचनापत्रक आणि लागणाऱ्या कागदांची यादी मराठीत मागा.

शाई_शिक्का
सहमत, पण वेगळ्या कागदावर. भाषेचा मुद्दा वर घातला की बाकीचे चार मुद्दे कुणी वाचत नाही. अनुभवाचे बोल नव्हेत, साधा हिशेब आहे.

तंबाखूपेठ
सीएच्या सहीकडं कुणी वळणार आहे की नाही?

जमाखर्च
वळतो. सीएची सही कायद्यानं कुठं लागते ते आधी.

टॅक्स ऑडिट: धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर. रोखीची जमा आणि रोखीचा खर्च दोन्ही पाच टक्क्यांच्या आत असतील तर मर्यादा १० कोटी. डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांना ५० लाख. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्यानं कलमांचे क्रमांक बदललेत, ४४एबी शोधत बसू नका.

कंपनी: प्रायव्हेट लिमिटेड असेल तर उलाढाल शून्य असली तरी ऑडिट. "प्रा. लि." पाटीवर शोभतं म्हणून किराणा दुकानाची कंपनी काढणाऱ्यांनी हा खर्च धरावा. एलएलपीला उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवल २५ लाखांवर गेलं की. सोसायट्या, पतसंस्थांना ऑडिट अटळ.

जीएसटी: सीएच्या प्रमाणपत्राची अट १ ऑगस्ट २०२१ पासून गेली. ५ कोटींवरच्यांना ९सी (वर्षाच्या ताळमेळाचा फॉर्म) भरावा लागतो, पण तो स्वतःच्या सहीनं.

ट्रेड लायसन, शॉप अ‍ॅक्ट, प्रोफेशन टॅक्स: कुठंही सीए नाही. कुणी मागत असेल तर नियम दाखवा म्हणायचं.

आता बँक. मागच्या वर्षाचा ताळेबंद सीएकडून मागणं हे बँकेचं धोरण, बिगरऑडिटवाल्याला कायदा तसं सांगत नाही. त्याहून गमतीचं म्हणजे पुढच्या तीन वर्षांचं "सीए सर्टिफाइड प्रोजेक्शन". भविष्यातल्या कमाईचा अंदाज खरा ठरेल अशी हमी दिल्यासारखं वाटेल अशा रीतीनं नाव वापरू देणं हे सीए कायदा १९४९ च्या दुसऱ्या परिशिष्टात गैरवर्तन आहे. म्हणजे बँक असा कागद मागते की जो त्याच अर्थानं दिला तर देणाऱ्यावरच कारवाई होईल. मग सीए "दिलेल्या माहितीवरून तयार केलं" अशी ओळ घालून सही करतो आणि बँकही गुमान घेते. त्या सहीनं कुणाला काय कळलं?

तंबाखूपेठ
एवढंही सोपं नाही. सही काढून टाकली तर बँक मॅनेजर कुणाच्या शब्दावर कर्ज देणार? बोगस ताळेबंद बनवून देणारे प्रत्येक गावात बसलेत. सीएच्या सहीखाली यूडीआयएन (त्या कागदाचा ओळख क्रमांक) असतो, तो तरी तपासता येतो.

जमाखर्च
तपासतं कोण? अठरा अंकी-अक्षरी क्रमांक असतो. पहिले दोन वर्षाचे, पुढचे सहा सीएचा सभासद क्रमांक, उरलेले दहा यंत्रानं दिलेले. इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर कुणालाही टाकून बघता येतो, काढताना भरलेले मुख्य आकडेही दिसतात. सभासद क्रमांक शिक्क्यावर एक आणि यूडीआयएनमध्ये दुसरा दिसला तर तो कागद तिथंच बाद. सही मागायची तर बँकेनं निदान एवढं तरी करावं.

आणि "१ कोटीच्या आत म्हणजे ऑडिट नाही" यावरही विसंबू नका. अंदाजी नफ्याची योजना (रोखीवर ८ टक्के, बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के) एकदा घेतली आणि पाच वर्षांच्या आत सोडून नफा कमी दाखवला, तर उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असल्यास साठ लाखांच्या उलाढालीलाही ऑडिट लागतं. नफा कमी दाखवून वाचवलेला कर ऑडिटच्या फीत जातो.

तंबाखूपेठ
पाच टक्क्यांच्या अटीनं निपाणीकडं वांधा होतो. शेतकऱ्याकडून घेतलेल्या तंबाखूचे पैसे रोख दिले तर दहा हजारांवरच्या रोख खर्चाच्या नियमातून सूट मिळते, म्हणून सगळे निर्धास्त. पण पाच टक्के मोजताना ती रोख धरतातच. अडीच कोटींच्या व्यापाऱ्याला वाटतं आपण १० कोटींच्या आत आहोत, आणि तो ऑडिटमध्ये बसलेला असतो. बेअरर चेकही रोखीतच.

अजून_एक_अर्जदार
मग लहान माणसानं जायचं कुणाकडं? सीएची फी परवडत नाही, एजंटावर भरवसा नाही.

जमाखर्च
जीएसटी रिटर्नला सीए लागत नाही. स्वतः भरा किंवा नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनरकडं जा, त्याला परीक्षा पास व्हावी लागते. कॉस्ट अकाउंटंट आणि कंपनी सेक्रेटरींनी टॅक्स ऑडिटचा हक्क मागितला होता, नव्या आयकर कायद्यातही तो सीएंकडंच राहिला. फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात लहान शहरांसाठी "कॉर्पोरेट मित्र" तयार करायची घोषणा आहे. तिन्ही संस्थांनी छोटे अभ्यासक्रम काढायचे आणि लघुउद्योगांना स्वस्तात कागदपत्रांची मदत मिळायची. अशी माणसं बेळगाव-निपाणीला मराठी-कन्नड दोन्ही येणारी मिळाली तर उपयोग, नाहीतर एजंटाचं नवं नाव.

खडूस_हिशेबनीस
हे मात्र पटलं. आर्टिकलशिप (सीए होणाऱ्या पोरांची उमेदवारी) तीनाची दोन वर्षं झाल्यापासून ऑफिसांना पोरं कमी पडतात, दोन हजारांचं काम कुणी हातात घेत नाही.

गणपतगल्लीकर
सगळ्यांचे आभार. मसुदा असा करतोय, चुकलं तर हाणा.

मनपाला: एक, कमी जोखमीच्या धंद्यांची यादी जाहीर करून त्यांना स्वयंघोषणेवर पाच वर्षांचं लायसन, धंदा किंवा जागा बदलली की नवी घोषणा, खोटी निघाली तर दंड. दोन, मालकाच्या थकबाकीवरून भाडेकरूचा अर्ज अडवू नये. तीन, अर्जाच्या दिवशी करार चालू असला की पुरे, पुढच्या मार्चपर्यंतचा नको. चार, लागणाऱ्या कागदांची यादी खिडकीवर लावावी.
बँकांच्या जिल्हा समन्वय समितीला: ऑडिटच्या मर्यादेखालच्या कर्जदाराकडून भरलेलं रिटर्न, जीएसटी रिटर्न आणि बँक स्टेटमेंट घ्यावं. सही मागितलीच तर यूडीआयएन तपासावा.
भाषेचा कागद तिसरा.

शाई_शिक्का
पहिल्या मागणीत घोळ. लायसनची मुदत कायद्यातच वर्षाची असेल तर मनपा ती वाढवू शकत नाही, ते राज्याचं काम. "मनपानं तसा ठराव करून नगरविकास खात्याकडं पाठवावा" असं लिहा. तोवर मनपाच्या हातातलं एवढं मागा: रिन्युअलला बदल नसल्याची घोषणा आणि फी, बाकी कागद पुन्हा नकोत.

मलप्रभा
दुसऱ्या मागणीत "वारसा नोंद प्रलंबित असल्यास सर्व वारसांचं संमतिपत्र चालावं" हे जोडा. थकबाकीपेक्षा त्यावर अडलेले अर्ज जास्त निघतील.

वडगावकर
पायरीचा मुद्दा घेतला नाही ओ तुम्ही.

गणपतगल्लीकर
दोन्ही घेतले. पायरी नंतर. कन्नड प्रत कोण करणार तेवढं सांगा, मनपाची फाइल कन्नडमध्येच फिरते.

उद्यमबागी
मी करतो. ठरावाची ओळ पक्की झाली की पाठवा, आणि मनपाची प्रत आयुक्तांच्या नावानं काढा, आरोग्य विभागाच्या नव्हे. खाली दिलेली वर चढत नाही.